शुभवर्तमानावर फिरलेले हात

२५ डिसेंबर ही तारीख आपल्या घराघरांत पाठ आहे ती महाडमुळे. १९२७ साली या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीची होळी झाली. त्याच तारखेला जगभरचे ख्रिस्ती बांधव येशूचा जन्मदिवस साजरा करतात. महाडच्या होळीचे स्थळ, तारीख, ठराव, तो मांडणाऱ्या सहस्रबुद्ध्यांचे नाव, सारे कागदोपत्री आहे. येशूच्या जन्माची तारीख मात्र बायबलात कोठेही नाही. रोममध्ये इ.स. ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगात ती पहिल्यांदा निश्चितपणे सापडते, म्हणजे येशूनंतर तीन शतके उलटून गेल्यावर.

हा विषय आम्ही आज का काढला? आमच्या वस्त्यांत बायबलबद्दल बोलणारे दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणतात, यातले अक्षर न् अक्षर देवाने लिहविले आहे, तेव्हा शंका घेऊ नका, प्रार्थना करा. दुसरे भगव्या गोटातले असतात. ते बायबलातल्या विसंगतींची यादी काढतात आणि शेवटी हळूच सांगतात, बघा, परधर्म हा असा असतो, त्यापेक्षा आपला सनातन बरा. पहिल्यांचा हेतू चांगला असेल, दुसऱ्यांचा आम्हाला चांगला ठाऊक आहे. दोघांशीही आम्हाला बोलायचे आहे. पण त्याआधी ग्रंथ उघडून पाहू, कारण न वाचता मान डोलावणे आणि न वाचता शिव्या देणे, यातले काहीच आमच्या चळवळीने आम्हाला शिकवलेले नाही.

येशूने स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही. तो गालीलमधला कष्टकरी माणूस. त्याची बोली अरामी होती. त्याच्या जीवनाची चार शुभवर्तमाने आहेत ती ग्रीक भाषेत. अभ्यासकांच्या सर्वसाधारण मतानुसार मार्काचे इ.स. ७० च्या आसपासचे, मत्तय आणि लूक यांची त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, आणि योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेले. येशूला क्रुसावर चढवले ते इ.स. ३० च्या सुमारास. म्हणजे सर्वांत जुन्या चरित्रालाही चाळीस वर्षे उशीर झालेला. बरे, ही नावेसुद्धा मजकुरात लेखकाने स्वतः सांगितलेली नाहीत. ती दुसऱ्या शतकात चिकटली. येशू नावाचा माणूस होऊन गेला, रोमन सुभेदार पिलाताने त्याला मारले, एवढे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. रोमन इतिहासकार टॅसिटसनेही दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तसे लिहून ठेवले आहे. प्रश्न माणूस होता की नव्हता हा नाही. त्याच्या तोंडी जे घातले गेले त्यातले त्याचे किती, हा आहे.

जन्मकथेपासूनच पाहा. मत्तय म्हणतो, येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला. हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला. लूक म्हणतो, क्विरीनिय हा सूरियाचा सुभेदार असताना झालेल्या खानेसुमारीच्या वेळी जन्मला. ती खानेसुमारी ज्यू इतिहासकार जोसिफसच्या नोंदीप्रमाणे इ.स. ६ मधली. दोन्हींत दहा वर्षांचे अंतर आहे. एकाच्या कथेत आईबाप बाळाला घेऊन इजिप्तला पळतात, दुसऱ्याच्या कथेत ते शांतपणे यरुशलेमच्या मंदिरात जाऊन नासरेथला परततात. दोघांनी दिलेल्या वंशावळीही जुळत नाहीत; येशूच्या आजोबाचे नावसुद्धा वेगवेगळे आहे. बेथलेहेमची बालके हेरोदाने कापून काढली असे मत्तय सांगतो, पण हेरोदाने आपली बायको आणि पोटची मुले कशी मारली हे सविस्तर लिहिणाऱ्या जोसिफसला ही गोष्ट ठाऊकच नाही. दोन्ही लेखकांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती: नासरेथचा हा माणूस दावीद राजाच्या गावी, बेथलेहेमला जन्मला. शास्त्रात तसे भाकीत होते ना! निष्कर्ष आधी ठरलेला होता, हकिकत मागून रचली गेली. पुराणे वाचलेल्या माणसाला हा कारखाना नवा नाही.

ही झाली तशी निरुपद्रवी बाब. तारीख चुकली म्हणून कोणाचे पोट मारले जात नाही. पण काही ठिकाणी मजकुरात पडलेली भर माणसांच्या जिवावर उठली आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट घ्या. नव्या कराराच्या मूळ प्रती आज जगात कोठेही नाहीत. आहेत त्या नकलांच्या नकला. ज्यात मार्काचा शेवट शाबूत आहे अशा सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांपैकी एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. दुसरे सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरिनच्या मठात टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताला १८४४ आणि १८५९ च्या भेटींत मिळाले. तेथून ते रशियाच्या झारकडे गेले, आणि १९३३ साली सोव्हिएत सरकारने ते ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकले. देव न मानणाऱ्यांनी देवाचा ग्रंथ विकला आणि इंग्रज जनतेने वर्गणी काढून विकत घेतला! ही दोन्ही हस्तलिखिते चौथ्या शतकातली. दोन्हींत मार्काचा सोळावा अध्याय आठव्या ओवीपाशी संपतो: स्त्रिया थडग्यावर जातात, थडगे रिकामे दिसते, त्या घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. संपले. पुनरुत्थान पावलेला येशू कोणाला भेटल्याचा प्रसंग तेथे नाही.

आज छापल्या जाणाऱ्या बायबलात त्यापुढे आणखी बारा ओव्या आहेत. त्यांची भाषा वेगळी, शब्द वेगळे, जोड उघडी दिसते. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस यानेही लिहून ठेवले आहे, की अचूक प्रतींत हा भाग नाही. नंतरच्या कोणाला तरी तो घाबरलेला शेवट सोसला नाही, त्याने गोड शेवट जोडला. या जोडलेल्या ओव्यांतच असे म्हटले आहे, की विश्वास ठेवणारे साप हाती धरतील आणि विष प्याले तरी त्यांना बाधा होणार नाही.

१९१० च्या सुमारास अमेरिकेच्या टेनेसी राज्यात जॉर्ज हेन्सली नावाच्या उपदेशकाने ही ओवी शब्दशः घेतली आणि भर प्रार्थनेत विषारी साप हाताळण्याचा पंथ सुरू केला. डोंगराळ भागातले गरीब, खाणीत राबणारे लोक त्याच्या मागे लागले. पुढे अनेक जण मेले. केंटकी व टेनेसी राज्यांना १९४० च्या दशकात त्याविरुद्ध कायदे करावे लागले. स्वतः हेन्सली १९५५ साली फ्लोरिडात सर्पदंशाने गेला. पंथ तरीही संपला नाही. २०१४ साली केंटकीत अशाच एका पाळकाला प्रार्थनेत साप चावला, त्याने उपचार नाकारले आणि तो मेला. येशूने जे म्हटल्याचा जुन्या हस्तलिखितांत पत्ता नाही, त्या वाक्यापायी शंभर वर्षे माणसे मरताहेत. ग्रंथाची चिकित्सा ही पंडितांची करमणूक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या मयतांचा विचार करावा.

आता स्त्रियांकडे वळू. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात सलामांची लांबलचक यादी आहे. वाचताना लोक ती ओलांडून जातात. पण तीत अंद्रोनीक आणि युनिया या दोघांना पौल प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. युनिया हे स्त्रीचे नाव आहे. चौथ्या शतकातला धर्मपंडित क्रिसोस्टम तिची मनापासून स्तुती करतो: केवढी ही बाई, की तिला प्रेषित म्हटले गेले! पुढे चर्चचा कारभार पुरुषांच्या मुठीत घट्ट झाला आणि तेराव्या शतकापासून ही बाई पुरुष होऊ लागली. तिचे युनियास झाले. ग्रीक अक्षरांवरच्या एका स्वराघात-चिन्हाने हे साधले. आपल्याकडे एका मात्रेने शब्दाचे लिंग बदलावे तसे. विद्वानांच्या प्रमाण ग्रीक आवृत्तीत १९२७ साली ती पुरुष म्हणून छापली गेली आणि १९९८ पर्यंत पुरुषच राहिली. युनियास हे पुरुषी नाव प्राचीन काळातल्या एकाही शिलालेखात किंवा लेखात आढळत नाही. युनिया हे स्त्रीनाव रोमच्या शिलालेखांत अडीचशेहून अधिक वेळा येते. ती प्रेषितांमध्ये नामांकित होती की केवळ प्रेषितांना माहीत होती, असा नवा वाद आता काहींनी काढला आहे. पुरुष करता येईना, तर निदान पायरीवरून खाली उतरवू!

त्याच पौलाच्या नावावर स्त्रियांनी सभेत गप्प बसावे अशी आज्ञाही खपते. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात ती आहे. पण काही हस्तलिखितांत ती ओवी एका जागी आहे, काहींत दुसऱ्या जागी. आणि त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश सांगतात, हे गृहीत धरलेले आहे. समासात कोणी लिहिलेली टीप पुढच्या नकलाकाराने मजकुरात ओढून घेतली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, ही आणखी कडक आज्ञा तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ते पत्र पौलाचे नाहीच, असे १८०७ साली श्लायरमाखर या जर्मन धर्मपंडिताने साधार मांडले. तो ख्रिस्ती होता, पाळक होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

नव्या करारात पौलाच्या नावावर तेरा पत्रे आहेत. त्यांपैकी सात निर्विवाद त्याची मानली जातात, उरलेल्या सहांबद्दल वाद आहे. आता दासांना मालकाच्या आज्ञेत राहा असे सांगणारी वचने कोठे आहेत ते पाहा. इफिसकरांस पत्रात, कलस्सैकरांस पत्रात, तीमथ्याला पहिल्या पत्रात, तीताला पत्रात. चारही त्या वादग्रस्त सहांतली! पेत्राच्या नावावरच्या पहिल्या पत्रातही तेच आहे, आणि गालीलचा अशिक्षित कोळी असे सफाईदार ग्रीक लिहील यावर फार थोडे अभ्यासक विश्वास ठेवतात. याउलट दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही, असे सांगणारे वचन गलतीकरांस पत्रात आहे. ते पत्र पौलाचेच, यावर वाद नाही. पौल गुलामगिरीचा शत्रू होता असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. अनेसिम या दासाला त्याने पत्र देऊन मालकाकडे परत पाठवलेच, आणि फिलेमोनाला लिहिलेले ते पत्र अस्सल आहे. पण भेद उरत नाही म्हणणाऱ्याच्या नावावर दोन पिढ्यांनी आज्ञाधारकपणाचे पाठ लिहिले गेले. मंडळीत तोवर मालकवर्ग शिरला होता. ग्रंथात भर पडते तेव्हा ती कोणाच्या सोयीची आहे हे विचारायला आम्हाला कोणत्या विद्यापीठाने शिकवावे लागत नाही.

अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनाही लागले नाही. हॉवर्ड थर्मन हे विसाव्या शतकातले मोठे काळे धर्मचिंतक. १९३५-३६ साली ते भारत आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले होते. १९४९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी आपल्या आजीची हकिकत दिली आहे. आजी जन्माने गुलाम होती. तिला वाचता येत नसे, म्हणून लहान हॉवर्ड तिला बायबल वाचून दाखवी. स्तोत्रे चालत, यशया चाले, शुभवर्तमाने पुन्हा पुन्हा चालत. पौलाची पत्रे मात्र ती कधी वाचू देत नसे. अपवाद फक्त प्रीतीवरच्या एका अध्यायाचा. मोठा झाल्यावर त्यांनी धीर करून कारण विचारले. तिने सांगितले, गुलामीच्या दिवसांत मालकाचा पाळक आमच्यासाठी सभा घ्यायचा आणि दर वेळी पौलाचे तेच वचन काढायचा: दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा. तिने तेव्हाच देवाशी करार केला होता, की कधी वाचायला शिकले आणि मुक्त झाले, तर बायबलाचा तेवढा भाग वाचणार नाही.

जर्मनीतले विद्वान ग्रीक शब्द मोजून जेथे पोहोचले, तेथे ही निरक्षर बाई पाठीवरच्या वळांनी पोहोचली होती. तिच्या वाट्याला खोट्याबरोबर पौलाचे खरेही गेले, हे कबूल. पण तिची दिशा चुकली असे कोण म्हणेल?

मालकांनीही आपली चिकित्सा केली होती. १८०७ साली, ज्या वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला आणि श्लायरमाखरने आपली शंका छापली, त्याच वर्षी लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची निवडक आवृत्ती निघाली. तिच्यातून जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के आणि नव्या कराराचा सुमारे निम्मा भाग उडवला होता. मोशे इस्राएलाला मिसरच्या दास्यातून सोडवतो, तो भाग नाही. गलतीकरांस पत्रातले ते वचन नाही. दासांनी आज्ञेत राहावे हे मात्र आहे. तीनच वर्षांपूर्वी हैतीतल्या गुलामांनी बंड करून स्वतःचे राज्य स्थापन केले होते, त्याची ही धास्ती. या आवृत्तीची एक प्रत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात, मुक्त झालेल्या काळ्यांसाठी काढलेल्या शिक्षणसंस्थेत, जपून ठेवली आहे. ज्या ग्रंथाचे अक्षरही बदलू नये असे गुलामाला सांगायचे, त्याचा अर्धाअधिक भाग मालकाने कात्रीने कापायचा!

आता आमच्याकडे पाहू. आमचे काही उपासक हे सारे वाचून खूश होतील आणि म्हणतील, बघा, आमचा तिपिटक कसा निर्मळ आहे. त्यांनी बाबासाहेब नीट वाचावेत. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले आहे, की भगवंताची वचने भाणकांनी पाठांतराने जपली आणि त्यात विपर्यास शिरला. बुद्धाच्या हयातीतही तो होत होता, याची सुत्तांतली पाच उदाहरणे त्यांनी दिली आहेत. श्रीलंकेच्या परंपरेप्रमाणे तिपिटक लेखनबद्ध झाला तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, राजा वट्टगामणीच्या काळी. म्हणजे महापरिनिब्बाणानंतर काही शतकांनी. शुभवर्तमानांना चाळीस ते सत्तर वर्षे लागली, हे आपण विसरता कामा नये. बाबासाहेबांनी यावर कसोटी दिली: जे बुद्धिसंगत आहे, तर्कशुद्ध आहे, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे, ते बुद्धाचे मानावे. ही कसोटी त्यांनी नुसती सांगितली नाही, वापरली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून एकोणतिसाव्या वर्षी सिद्धार्थाने घर सोडले, ही लाखोंच्या श्रद्धेची कथा बुद्धीला पटत नाही म्हणून त्यांनी बाजूला ठेवली. जोतीरावही स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे उपकार त्यांनी कधी नाकारले नाहीत. पण कोणत्याही एका धर्मपुस्तकात सर्व सत्य सामावलेले नाही, हे त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात सांगितलेच.

ही कसोटी आमच्या आवडीच्या गोष्टीलाही लावली पाहिजे. येशू तरुणपणी भारतात आला, बौद्ध भिक्खूंकडे शिकला आणि मग परत जाऊन त्याने करुणेचा उपदेश केला, अशी कथा आपल्या सभांत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तिचा उगम १८९४ साली निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने फ्रेंचमध्ये छापलेल्या पुस्तकात आहे. लडाखच्या हेमिस मठाजवळ आपला पाय मोडला, तेथल्या लामांनी आपल्याला ‘इसा’चे तिबेटी चरित्र वाचून दाखवले, असा त्याचा दावा. मॅक्समुल्लरने त्याच वर्षी शंका काढली. दुसऱ्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले आणि मठाच्या प्रमुख लामांना भेटले. असा जखमी पाहुणा आला नव्हता आणि असा ग्रंथ मठात नाही, असे लामांनी सांगितले. ग्रंथ त्यानंतरही कोणा अभ्यासकाच्या हाती तपासायला आलेला नाही. तेव्हा ही कथा आपण सोडून द्यावी. दुसऱ्याच्या बारा ओव्या खोट्या ठरवायच्या आणि आपल्या सोयीचे अख्खे पुस्तक खरे मानायचे, हे बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही. बुद्धाचे मोठेपण येशूला त्याचा विद्यार्थी केल्यावाचून अडलेले नाही.

राहिले ते भगवे मित्र. डिसेंबर २००७ मध्ये ऐन नाताळात आणि पुन्हा ऑगस्ट २००८ मध्ये ओडिशाच्या कंधमाळात चर्च जळली, घरे जळली, माणसे मारली गेली. ज्यांची घरे जळली ते बहुसंख्य पाण दलित आणि कंध आदिवासी होते. मार्काच्या शेवटच्या ओव्या मागाहून जोडल्या आहेत, हे काही जाळणाऱ्यांचे कारण नव्हते. त्यांची तक्रार एवढीच, की गावकुसाबाहेरच्या माणसाने आपला देव आपण निवडला. म्हणून आमची ही चिकित्सा कोणी उचलून कोणा ख्रिस्ती कुटुंबाच्या दारात घेऊन जाऊ लागला, तर त्याच्याआधी त्या दारात आम्ही उभे असू. चर्चमधल्या जातींवर बाबासाहेबांनी कठोर लिहिले आहे, आम्हीही लिहू. ते लिहिण्याचा अधिकार जाळणाऱ्यांना नाही.

आणि या मित्रांना ग्रंथचिकित्सेची एवढी गोडी असेल, तर त्यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेला ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ उघडावा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पुरुषसूक्त भाषेच्या दृष्टीने उशिराचे आहे, हे कोलब्रुक आणि मॅक्समुल्लर यांचे मत बाबासाहेबांनी तेथे दिले आहे. त्याच्याही पुढे जाऊन, ज्यांत ब्राह्मण मुखातून आणि शूद्र पायांतून निघतो, त्या अकराव्या आणि बाराव्या ऋचा मूळ सूक्तात नव्हत्या, त्या मागाहून घुसडल्या गेल्या, असे त्यांनी साधार मांडले आहे. मार्काच्या त्या बारा ओव्या आज अनेक बायबलांत चौकटी कंसात आणि तळटीप देऊन छापल्या जातात. मागाहूनचा मजकूर, असे ख्रिस्ती प्रकाशक स्वतः सांगतात. पुरुषसूक्ताच्या या दोन ऋचा कंसात घालून छापलेली पोथी एखाद्या मठाने काढली असेल, तर तिचा पत्ता आम्हाला जरूर कळवावा.